उशिराचं पाऊल

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर माझा पाय थांबला. दम लागला म्हणून नव्हे. एकसष्ट वर्षांची झाले तरी हा जिना मी एका दमात चढते, आणि कोणी बघत असेल तर जरा तोऱ्यातच चढते. थांबले ती ढोलामुळे. वर तालमीच्या खोलीत मोठा ढोल वाजत होता आणि वाजता वाजता ती जागा आली. तीन ठोके, मग चौथा पडायला हवा तिथं काहीच नाही, अर्धा श्वास मावेल एवढं रिकामं, आणि मग चौथा, उघड्या हाताचा, मऊ. मंगळवार होता, सकाळचे सव्वानऊ. माझा नाचाचा वर्ग दहाला असतो. बस कधी नाही ती लवकर आली म्हणून हे माझ्या कानावर पडलं. नाहीतर कधी कळलं असतं कोण जाणे. एकतीस वर्षं आमचा ढोलकरी अनातोलियो त्या जागेवर थांबत आलाय आणि एकतीस वर्षं तिथं माझंच पाऊल पडत आलंय. आता मी तर इथं जिन्यात, कठड्याला धरून उभी. मग वर तो कुणासाठी थांबत होता?

कुणासाठी ते मला माहीत होतं. माहीत असूनही उरलेल्या पायऱ्या मी चोरासारख्या चढले, चपला हातात घेऊन, स्वतःच्या शाळेत. दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून जासियाराची पाठ दिसली, आणि पाठीच्या मधल्या पन्हळीतून उतरणारा घाम. सत्तावीस वर्षांची पाठ. पंधरा वर्षांपूर्वी तिची आत्या तिला माझ्याकडे घेऊन आली तेव्हा पोरीला डावं-उजवं कळत नव्हतं; मी तिच्या डाव्या घोट्याला लाल दोरा बांधून दिला होता आणि वर्षभर ती घोट्याकडे बघत नाचली. आता नोव्हेंबरात नगरपालिकेच्या थिएटरात आमच्या मंडळाचा कार्यक्रम आहे आणि त्यात ओबा देवीचा नाच ती करणार आहे. मीच ठरवलं तसं. सगळ्यांसमोर, मोठं मन दाखवून, टाळ्या घेऊन ठरवलं. टाळ्या घेताना बरं वाटलं होतं. आणि आता ती ओबाची गिरकी घेत होती, एक हात कानावर, एक कमरेवर, आणि गिरकी संपताना तिचं डावं पाऊल तेवढाच अर्धा श्वास अधांतरी राहिलं आणि ढोलाबरोबर खाली आलं. केसाचाही फरक नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतकी वर्षं मी मुलींना ओरडत आलेय की नीट करा, नीट करा. आणि ही नीट करत होती तर माझ्या डोळ्यांत खुपत होतं.

ओबाची गोष्ट इथं कोपऱ्यावरच्या पाववाल्यालाही पाठ आहे. विजेच्या देवाची, शांगोची, ती वयानं थोरली बायको, शिकार करणारी, तलवार चालवणारी. सवतीनं, ओशुननं, तिला सांगितलं की मी माझा कान कापून नवऱ्याच्या भेंडीच्या कालवणात घातला, म्हणून तो माझ्यामागे फिरतो. हिनं खरंच कापला, घातला, आणि नवऱ्यानं भांडं भिरकावून दिलं. तेव्हापासून ओबा नाचते ती कानावर हात ठेवून. मला ही गोष्ट कधी आवडली नाही. एवढी शूर बाई आणि एवढी खुळी कशी, असं मला वाटायचं. नाच मात्र मी तिचाच बसवला, कारण दुसरं कोणी तिला हात लावत नव्हतं; सगळ्याजणींना ओशुनचा आरसा आणि बांगड्या हव्या असतात.

तेव्हा मी तीस वर्षांची होते. जानेवारीत, बोनफिंच्या चर्चच्या पायऱ्या सुगंधी पाण्यानं धुतात त्या दिवशी, पांढरा झगा सावरत मी त्याच पाण्यावरून घसरले आणि डावा गुडघा दगडावर आपटला. घरी पोचेपर्यंत तो नारळाएवढा झाला. बेनेदितो, माझा नवरा तेव्हाचा, म्हणाला, बघून चालायला काय होतं तुला. बेनेदितो रस्त्यानं नेहमी चार पावलं पुढं चालायचा. मागून मी येतेय की नाही हे त्यानं कधी वळून पाहिलं नाही, आणि पुढं तो साओ पावलोला गेला तोही तसाच. गुडघ्याचं मी मंडळात कुणाला सांगितलं नाही. आठ दिवसांवर प्रयोग होता आणि ओबाचे कपडे अंगावर चढवायला चौघीजणी टपून बसल्या होत्या. फडक्यानं घट्ट आवळून मी रंगमंचावर उतरले. सगळं निभावलं, गिरकी आली, आणि गिरकीतून उतरताना डावा पाय टेकवायचीच भीती वाटली. अर्धा श्वास, जास्त नाही. त्या अर्ध्या श्वासात मला सगळं दिसलं: पाऊल मागं राहणार, ढोल पुढं जाणार, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघणार. पण ढोल गेलाच नाही. पाय टेकला आणि त्याच क्षणी ढोल पडला. मी वळून अनातोलियोकडे पाहिलं. तो मान खाली घालून ढोलाकडे बघत होता. मला वाटलं, माझी लाज राखतोय.

गुडघा जूनपर्यंत बरा झाला. साओ जोआओच्या सणाला पेटवतात त्या शेकोटीवरून उडी मारली मी त्या वर्षी. पाऊल मात्र बरं केलं नाही. दर वेळी गिरकी संपली की मी पाय वर धरायची आणि खाली ढोल माझी वाट बघत थांबलेला असायचा. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. अनातोलियोला बायको होती, मार्लुसिया, अजून आहे, नारळाच्या वड्या फार छान करते, आणि आमच्यात बोट ठेवण्यासारखं कधी काही घडलं नाही. पण बाजारात, बँकेच्या रांगेत, बेनेदितोच्या पाठीमागून चालताना मला ती जागा आठवायची. जगात एक माणूस आहे जो माझ्यासाठी थांबतो, एवढंच. लोकांना हे उशिराचं पाऊल आवडायला लागलं. आमच्यात मंदिरातला नाच रंगमंचावर जसाच्या तसा करत नाहीत, काहीतरी बदलावंच लागतं, नाहीतर देव खरंच अंगात यायचे. आमच्या मंदिरातल्या माईनं, थोरल्या पुजारणीनं, मला बोलावून विचारलं, "काय बदललंस?" मी बेधडक म्हटलं, "गिरकीनंतरचं पाऊल, माई. उशिरा टाकते." माई समाधानानं हसली. झालं, तेव्हापासून ते शास्त्र होऊन बसलं. मुली ते वहीत लिहून घेतात. परदेशातून, लिऑनहून, दोघी आल्या होत्या, त्यांनी त्याचं मोजमापही काढलं, कागदावर बाण काढून. मी चेहरा गंभीर ठेवला होता.

दाराआड मी किती वेळ उभी राहिले कळलं नाही. नाच संपला, जासियारा ढोलांपुढं गेली, वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला, जसं आम्ही सगळेच तालीम संपल्यावर करतो. आणि अनातोलियोनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. साधा आशीर्वाद, म्हाताऱ्या माणसानं पोरीला द्यावा तसा. माझ्या डोक्यावर त्यानं तो कधी ठेवला नाही. मी काही त्याला पोरीच्या जागी नव्हते, म्हणून. हे सगळं मला समजत होतं आणि तरी मी चपला दणकन जमिनीवर टाकून आत शिरले.

"अरे वा! आज पलंगानंच हाकललं वाटतं नोएमियाला," अनातोलियो म्हणाला.

"बस लवकर आली."

"या शहरात? मेणबत्ती लाव जाऊन चर्चमध्ये."

"आणि तू? एकतीस वर्षांत दहाच्या वर्गाला सव्वादहाला आलास, तेही तोंडात पाव कोंबून. आज नऊला?"

जासियारा टॉवेलनं मान पुसत, अनातोलियोकडे बघत हसत होती. "मेस्त्रेच म्हणाले, दोना नोएमिया. रोज तासभर आधी ये, ओबा घोटून घेऊ. आज आठवा दिवस. झालं की ते पाव आणायला खाली जातात. तुम्हाला बोलले नाहीत?"

"मला कोण काय बोलतंय," मी म्हटलं. हे मी थट्टेच्या सुरात म्हणणार होते. सूर काही लागला नाही. अनातोलियोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ढोलाच्या दोऱ्या आवळायला घेतल्या. आठ दिवस. आठ सकाळी तो माझा अर्धा श्वास तिला देत होता आणि मी तेव्हा बसथांब्यावर उभी असणार, त्याच्यासाठी पिशवीत कॉफीचा थर्मास घेऊन.

त्या दिवशीचा वर्ग मी कसा घेतला देव जाणे. लिबरदाजी वस्तीतल्या नव्या मुली होत्या, त्यांना तिरक्या रांगेत खोली पार करायला लावलं, खांदे, खांदे, अगं खांदे आहेत का खुंट्या आहेत, असं कुणाला तरी म्हटलं आणि ती रडवेली झाली. घरी जाऊन कोळंबी सोलत बसले. हेवा मी पुष्कळांचा केलाय आयुष्यात. लांब मानेच्या बायकांचा, बहिणीच्या घराला खाडीकडे खिडकी होती त्या खिडकीचा, परदेशी शिकवायला गेलेल्या मैत्रिणींचा. ते सगळे हेवे येऊन गेले, पाहुण्यांसारखे. हा वेगळा होता. हा पोटात, बरगड्यांच्या खाली बसला आणि हलेना. जासियाराची सत्तावीस वर्षं मला नको होती, तिचे गुडघेही नको होते. ती लोकांना दिसते तशी सुंदर आहे, असेना. पण तिचा पाय धडधाकट आहे, तिला थांबायची गरज काय, आणि त्याला तरी तिच्यासाठी थांबायची गरज काय? थांबणं हे आमचं दोघांचं होतं. ते त्यानं उचलून तिला शिकवलं, आणि असं शिकवलं की ती माझ्याहून चांगलं करते, हे मला दाराच्या फटीतून दिसलं होतं आणि नाकारता येत नव्हतं. कोळंबीचा काटा बोटात गेला. बोट तोंडात धरून मी ठरवलं की ते परत घ्यायचं. नाच देईन, कपडे देईन, शाळासुद्धा देईन एक दिवस, पण ती जागा नाही.

बुधवारी दुपारी चौकात चवळीचे तळलेले वडे विकणाऱ्या अकाराजेवालीकडे मी जासियाराला बोलावलं. ती तिखट भरपूर घेते, मग डोळ्यांतून पाणी काढत खाते, लहान होती तेव्हापासून. बाकावर शेजारी बसल्यावर तिच्या अंगाला तेलाचा आणि उन्हाचा वास येत होता. मी कागदात गुंडाळलेला माझा अकाराजे तसाच हातात धरून म्हटलं, "गिरकीनंतरचं ते उशिराचं पाऊल आहे ना, ते सोडून दे."

तिचं चावणं थांबलं. "ते? पण तोच तर सगळा नाच आहे."

"काही नाच नाहीय. माझा गुडघा सुजला होता तेव्हा. टेकवता येत नव्हता म्हणून उशीर झाला. पुढं सवय लागली. तुमच्यापैकी कुणाला सांगितलं नाही इतकंच."

"पण माईला तुम्ही सांगितलं होतं, हे बदललंय म्हणून."

"माईला काय सांगणार होते, घसरून पडले म्हणून?"

ती हसायला लागली, मग माझा चेहरा बघून थांबली. "मग आता मी काय बदलायचं? काहीतरी बदलायला हवं ना?"

"झग्याचा रंग बदल."

"दोना नोएमिया!"

"पाऊल वेळेवर टाक, जासियारा. माझं लंगडणं तू कशाला मिरवतेस? तुझा पाय चांगला आहे."

तिनं माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की मला मान वळवावी लागली. म्हणाली, "एवढं मोठं गुपित तुम्ही मला सांगितलंत." वर गालाचा मुकाही घेतला, तिखट लागलेल्या ओठांनी. मी खरं तेच सांगितलं होतं, शब्दन् शब्द. इतकं खरं मी आयुष्यात क्वचित बोलले असेन. आणि घरी जाताना चढावर माझे पाय असे हलके पडत होते की शेजारीण म्हणाली, आज काय लॉटरी लागली काय. मनात एकच चाललं होतं: आता उद्या अनातोलियो थांबेल आणि तिथं कुणी नसेल. मग त्याला कळेल कोण होतं ते.

गुरुवारी सगळं मंडळ हजर होतं. तीन ढोल, घंटा, चौदा मुली. मधला ढोल आदेइल्टनकडे असतो. चाळिशीचा, हुशार, तोंडाळ, आणि आपला हात मोठ्या ढोलावर कधी पडतोय याची वाट बघणारा. मी भिंतीला टेकून खुर्चीवर बसले. जासियारा उतरली, नाच चढत गेला, कानावर हात गेला, गिरकी सुरू झाली. गिरकी संपली आणि तिचं पाऊल पडलं, वेळेवर, स्वच्छ. ते सुंदर होतं, उगाच खोटं कशाला बोलू. आणि त्यानंतर, सगळं होऊन गेल्यावर, मागून एकटाच ढोलाचा ठोका आला. खोलीतल्या प्रत्येकाला तो ऐकू आला. कुणीतरी फिसकन हसलं.

"पुन्हा," मी म्हटलं. माझा आवाज मला गोड लागला.

पुन्हा तेच झालं. पाऊल, मग ठोका. तिसऱ्या वेळी अनातोलियोनं ठोका लवकर आणायचा प्रयत्न केला आणि तो नीट पडलाच नाही, हात कातड्यावर कडेला घसरल्यासारखा वाजला. असा ठोका मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. जासियारानं वळून, अगदी अदबीनं, म्हटलं, "मेस्त्रे, जरा लवकर घ्याल? आता पाऊल वेळेवर आहे." आदेइल्टननं न विचारता तो तुकडा आपल्या ढोलावर वाजवून दाखवला, चौथा ठोका चोख, जागच्या जागी. दाखवला आणि आढ्याकडे बघत बसला.  अनातोलियोनं काठी ढोलावर आडवी ठेवली, डावा हात उजव्या हातात धरला आणि उठून मागच्या गच्चीवर गेला. मी जिंकले होते, आणि खुर्चीतून उठून त्याच्या मागं गेले.

गच्चीवर कुणाची तरी धुणी वाळत होती. तो चादरींच्या पलीकडे कठड्याशी उभा होता, खाडीकडे तोंड करून. डावा हात त्यानं शर्टाच्या आत, पोटाशी धरला होता.

"तिला काय सांगितलंस तू?" त्यानं विचारलं. "वेळेवर टाक म्हणून सांगितलंस?"

"हो."

"का, नोए? माझं काही चुकलं होतं का?"

 आठ सकाळींचा हिशेब विचारायला आले होते आणि कुणाच्या तरी चादरीचा चिमटा नीट करायला लागले.

"सांगायला हवं होतं मी तुला," तो म्हणाला. "पण म्हटलं, आपण कधी बोललोच नाही त्यावर, आता म्हातारपणी काय बोलायचं. पोरीला न सांगता शिकवावं म्हटलं. म्हणून तासभर आधी बोलवत होतो. तू थांबतेस तशी ती थांबायला शिकली की माझं नोव्हेंबर निभावलं."

"तू काय बोलतोयस मला कळत नाहीय, तोलियो."

त्यानं हात शर्टाबाहेर काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मधल्या पेरापासून किंचित वाकडी. मी हा हात एकतीस वर्षं बघत होते. "बर्फाच्या कारखान्यात होतो ना तेव्हा. लादी पडली बोटांवर, कार्निव्हलच्या आधी, तुझ्या त्या पहिल्या प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात. बोललो नाही. माझ्या जागेवरही टपलेले होतेच की. पट्ट्या गुंडाळल्या, ढोलकऱ्याच्या बोटांना पट्ट्या असतातच, कोण विचारतंय. सगळं निघालं, फक्त तो एक ठोका. तीन झाले की हात वर जायचा आणि बोटं यायलाच तयार नाहीत. त्या दिवशी माझ्या मानेवर घामाची धार लागली होती. म्हटलं आता हिचं पाऊल पडणार आणि मी मागं राहणार, सगळ्या थिएटरसमोर. आणि तू पाय वरच धरलास." तो हसला, खालच्या पडलेल्या दाताची फट दिसेल असा. "माझा हात आला, तेव्हाच टाकलास. आणि मग दर वेळी. बोटं काही सुधारली नाहीत, तू मात्र कधी चुकली नाहीस. घरी मार्लुसियासुद्धा मला आंघोळीतून निघायला उशीर झाला तर दार बडवते. आणि ही बाई, एकतीस वर्षं."

 मी विचारलं, आणि आवाज साधा ठेवायला मला फार कष्ट पडले, "आणि माझा गुडघा?"

"कसला गुडघा? दुखतोय का तुझा?"

म्हणजे त्याला माहीतच नव्हतं. तो मान खाली घालून ढोलाकडे बघत होता ते माझी लाज राखायला नव्हे, आपल्या बोटांकडे बघत होता. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नव्हतं. बँकेच्या रांगेत, बेनेदितोच्या मागं, कोळंबी सोलताना, जे मी जिवापाड सांभाळलं ते माझ्याकडे कधी नव्हतंच, आणि त्याच्यासाठी मी काल एका पोरीच्या पायातून नाच काढून घेतला होता. एक चादर वाऱ्यानं माझ्या तोंडावर आली, ओली, साबणाच्या वासाची. ती बाजूला करायला मी जरा जास्तच वेळ लावला. मला त्याचा राग आला. मग रागही पुरेना. मला त्या तीस वर्षांच्या नोएमियाचाच हेवा वाटला, तो जिला मनातल्या मनात दुवा देत होता तिचा. ती थांबणारी, न बोलता सगळं ऐकणारी बाई त्यानं कुठून आणली होती कोण जाणे.

"आदेइल्टनला देतो मी ढोल," अनातोलियो म्हणाला. "आजच सांगतो. त्यानं दाखवलंच सगळ्यांना. तू नको वाईट वाटून घेऊस. पण एक सांग, पहिल्याच दिवशी कळलं होतं का तुला? हात?"

खरं सांगणं सोपं होतं. दोन वाक्यांचं काम. मी गुडघ्यामुळे थांबले आणि तू बोटांमुळे, कुणी कुणासाठी थांबलं नाही, फिट्टंफाट. तो माझ्याकडे बघत होता, आत्ता, सरळ, पहिल्यांदाच.

"पहिल्याच दिवशी," मी म्हटलं. "कान आहेत मला. चल आत."

"आत काय करू?"

"बस आपल्या ढोलावर. आदेइल्टनला अजून दहा वर्षं तोंड वाजवू दे."

आत सगळे उगाच पाणी पीत, केस बांधत उभे होते. जासियारा पुढं आली. "दोना नोएमिया, माझ्यामुळे काही झालं का?"

"माझ्यामुळे झालं. काल तुला गुडघ्याचं सांगितलं ना, ते खोटं होतं."

"खोटं?"

"गुडघा-बिडघा काही नव्हता. पाऊल उशिराचंच आहे. पहिल्यापासून तसंच बसवलंय."

तिचा चेहरा उतरला. सगळ्यांच्या देखत विचारलं तिनं, "मग तसं का सांगितलंत मला?"

"जळत होते तुझ्यावर म्हणून."

घंटावाल्याच्या हातून घंटा पडली. चौदा मुली, आदेइल्टन, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. अनातोलियो ढोलामागं बसून काठी शोधत होता, ती त्याच्यासमोरच होती.  जासियाराला राग येत होता आणि रडूही, आणि मी म्हटलं, "रडायचं ते नंतर. जागेवर उभी राहा. आणि नीट ऐक, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ढोल तुझ्यासाठी थांबत नाही. तू ढोलासाठी थांबायचं."

"किती? अर्धा ठोका?"

"मोजायचं नाही. त्याच्याकडे बघायचंही नाही. पाय वर धरायचा आणि हात येईपर्यंत थांबायचं. आज लवकर येईल, उद्या उशिरा येईल. येईल तेव्हा टाकायचं."

पहिल्यांदा तिनं घाई केली. दुसऱ्यांदा ती थांबली, पण कसनुशी, मोजत असल्यासारखी, आणि ढोल त्याहून थोडा मागं राहिला. तिसऱ्यांदा गिरकी संपली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. पाय वर होता आणि ती खरोखर वाट बघत होती. मी कधीच बघितली नव्हती तशी, कारण कुणी माझ्यासाठी थांबतंय या तोऱ्यात मी उभी असायची.  हात आला. पाऊल आणि ठोका एकदम पडले. ती पुढं वळली, आणि तिची पाठ फिरल्याबरोबर अनातोलियोनं मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्या वेळी पाठमोरी असायची, म्हणून हे मला कधी दिसलं नव्हतं. आपल्याला कुणी सांभाळून घेतल्यावर माणूस बघतो तसं तो बघत होता.

बरगड्यांखाली ते पुन्हा पेटलं, परवाच्यापेक्षा जोरात.

"पुन्हा," मी म्हटलं.